सल्ला न देणारा माणूस

वारंगा फाट्यावर परक्या माणसाला रस्ता विचारावाच लागतो. नांदेडहून अर्धापूरमार्गे येणारा रस्ता इथे दुभंगतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीकडे आणि पुढे वाशीम-अकोल्याला जाते. दुसरी हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरचा रस्ता धरते. इथल्या खिचडीचे नाव दूरवर झालेले असल्याने गाड्या थांबतात, माणसे उतरतात, आणि हिंगोलीची वाट कोणती असे एकाला विचारले की चौघांचे हात एकदम वर होतात. रस्त्याच्या बाबतीत हे ठीकच आहे. पण आपल्याकडे हा हात केवळ रस्ता दाखवण्यापुरता उठत नाही. हळद केव्हा विकावी, पोरीला कुठल्या गावी द्यावी, मुतखड्यावर कोणता काढा घ्यावा, वाटणीचा वाद कोर्टात न्यावा की पंचांपुढे मिटवावा, या सगळ्यावर सल्ला तयार असतो. फुकट आणि मुबलक मिळणारी वस्तू आपल्याकडे कोणती असेल, तर ती सल्ला.

अशा मुलखात एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची गोष्ट सांगावीशी वाटते. अडचणीत सापडलेल्या माणसाला वाट दाखवू नका, त्याचे नीट ऐका, त्याची वाट त्याला सापडते, एवढे एकच म्हणणे त्याने पन्नास वर्षे लावून धरले. त्याचे नाव कार्ल रॉजर्स. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि बी.एड. करणाऱ्या शिक्षकांना हे नाव परीक्षेपुरते ठाऊक असते. पण आज ग्रामीण रुग्णालयात, महाविद्यालयात, कुटुंब न्यायालयात, पोलिसांच्या महिला कक्षात ‘समुपदेशन’ अशी जी पाटी दिसते, तिच्यामागे या माणसाच्या आयुष्याचा फार मोठा वाटा आहे. गंमत अशी की, आपण त्या कामासाठी जो शब्द घडवला, त्याच्या पोटातच ‘उपदेश’ बसला आहे. आणि रॉजर्सने तर आयुष्यभर या कामातून उपदेशच बाहेर काढला होता.

रॉजर्सचा जन्म ८ जानेवारी १९०२ रोजी शिकागोजवळच्या ओक पार्क या उपनगरात झाला. सहा भावंडांत तो चौथा. वडील बांधकाम क्षेत्रातले यशस्वी अभियंते-ठेकेदार. घरात पैसा होता, माया होती आणि त्याहून अधिक शिस्त होती. कट्टर प्रॉटेस्टंट घर. दारू नाही, पत्ते नाहीत, नाच नाही, नाटक नाही. बाटलीतले फसफसणारे गोड पाणी प्यायलाही त्या पोराला पापाची पुसट टोचणी लागे. आईवडिलांचे मुलांवर निरतिशय प्रेम होते, पण त्या प्रेमाला अट होती. चांगले वागाल तर आमचे, असा तो न बोललेला करार. पुढे रॉजर्सने विनाअट स्वीकाराचा जो विचार मांडला, त्याचे मूळ या घरात शोधायला हरकत नाही. ज्याला जे कमी मिळाले त्याचीच किंमत त्याला अधिक कळते.

कार्ल बारा वर्षांचा असताना वडिलांनी शहराबाहेर दूर मोठी शेती घेतली आणि कुटुंब तिथे राहायला गेले. शहराच्या मोहापासून मुले लांब राहावीत, हाही हेतू त्यात होता. एकलकोंड्या कार्लला तिथे दोन नाद लागले. एक, रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांचे निरीक्षण करण्याचा; अळी, कोश, पतंग हा सगळा प्रवास तो वर्षवर्ष पाहत असे. दुसरा, शास्त्रीय शेतीचा. वडिलांना शेती शास्त्रशुद्ध करायची होती, त्यामुळे घरात शेतीवरचे जाडजूड ग्रंथ येत. जनावरांच्या खाद्यावरचा एक भला मोठा ग्रंथ या पोराने चौदाव्या वर्षाच्या आसपास वाचून काढला. दोन वाफे घ्यायचे, एकाला खत द्यायचे, दुसऱ्याला नाही, बाकी सगळे सारखे ठेवायचे आणि मग फरक मोजायचा, ही प्रयोगाची रीत त्याला शेतीतून कळली. मानसोपचारासारख्या धूसर विषयात मोजमाप आणणारा हा माणूस मुळात शेतीच्या पुस्तकांतून शास्त्र शिकला होता, हे शेतकऱ्यांच्या मुलखात आवर्जून सांगायला हवे.

तळघरात साठवलेल्या बटाट्यांची एक आठवण त्याने म्हातारपणी लिहून ठेवली. हिवाळ्यात त्या अंधारात बटाट्यांना फिकट, पांढुरके कोंब फुटत आणि एका लहानशा खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे दोन-दोन, तीन-तीन फूट सरकत जात. त्या कोंबांचे झाड कधी होणार नसे, पण वाढायची धडपड थांबत नसे. हळदीचे बेणे सावलीत ढीग घालून ठेवले तरी त्याला कोंब फुटतात, हे वसमत-कळमनुरीच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. माणसाच्या आत अशीच वाढीची ओढ असते, परिस्थितीने ती वाकडी होते, फिकी होते, पण मरत नाही, हा रॉजर्सच्या सगळ्या विचाराचा पाया. वेड्यांच्या इस्पितळात मागच्या वॉर्डात पडलेली माणसे पाहताना त्याला ते बटाटे आठवत असत.

१९१९ साली तो विस्कॉन्सिन विद्यापीठात शेतकीचे शिक्षण घ्यायला गेला. धर्मसभांच्या वातावरणात मन बदलले, धर्मोपदेशक व्हायचे ठरवून त्याने इतिहास घेतला. १९२२ साली पेकिंगला भरलेल्या जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी परिषदेसाठी अमेरिकेतून जे मोजके विद्यार्थी निवडले गेले त्यांत हा वीस वर्षांचा तरुण होता. हा प्रवास सहा महिन्यांहून अधिक चालला. बोटीवर निरनिराळ्या विचारांची माणसे भेटली, रात्र रात्र वाद झाले, आणि येशू हा देव नसून थोर माणूस होता, असे त्याच्या मनाने घेतले. घरी तो सगळे प्रांजळपणे लिहून कळवीत होता. पण टपाल इतके सावकाश चाले की घरून रागाचे उत्तर येईपर्यंत त्याचा विचार पक्का होऊन गेलेला असे. अंतर आणि उशीर यांच्या कृपेने एक मुलगा आईबापांच्या धाकातून सुटला. भांडण न करता सुटला.

१९२४ साली पदवी घेऊन, घरच्यांची नाराजी पत्करून त्याने बालमैत्रीण हेलन एलियट हिच्याशी लग्न केले आणि दोघे न्यूयॉर्कला आले. युनियन थिऑलॉजिकल सेमिनरी ही तेव्हा उदारमतवादी धर्मशिक्षणाची नामांकित संस्था. तिथे काही विद्यार्थ्यांनी एक अजब मागणी केली : आम्हाला शिक्षक नसलेला एक वर्ग हवा, आमच्याच शंका आम्ही तिथे बोलू. संस्थेने तो दिला. त्या वर्गातून विचार करता करता रॉजर्ससह अनेकजण धर्मोपदेशाच्या वाटेवरून बाहेर पडले. एखादी ठरावीक श्रद्धा आयुष्यभर बाळगलीच पाहिजे, अशा नोकरीत आपण राहू शकणार नाही, हे त्याला उमगले. रस्त्यापलीकडेच कोलंबिया विद्यापीठाचे टीचर्स कॉलेज होते. रस्ता ओलांडून तो मानसशास्त्राकडे आला. उपदेशक व्हायला निघालेला माणूस अशा रीतीने उपदेशाचा धंदा सोडून गेला.

१९२८ साली त्याला रॉचेस्टर शहरात, मुलांवरील अत्याचार रोखणाऱ्या एका संस्थेत नोकरी लागली. पगार थोडा, काम बेसुमार. न्यायालयाने पाठवलेली, चोऱ्या करणारी, घरातून पळालेली, मार खाल्लेली मुले रोज समोर येत. तिथे तो १२ वर्षे राहिला. विद्यापीठातल्या कोणत्याही ग्रंथापेक्षा या १२ वर्षांनी त्याला घडवले. तिथले तीन अनुभव त्याने पुढे वारंवार सांगितले.

पहिला, आगी लावणाऱ्या एका मुलाचा. त्या काळच्या एका मोठ्या तज्ज्ञाच्या सिद्धांतानुसार रॉजर्सने या मुलाच्या मनाचा कसून शोध घेतला, लैंगिक भावनेशी निगडित कारण हुडकून काढले, मुलाला ते समजावून दिले. मुलगा सुटला आणि पुन्हा आग लावून बसला. मोठ्या माणसांचे सिद्धांतही चुकू शकतात, हा पहिला धडा. दुसरा, एका पालकाच्या मुलाखतीच्या शब्दशः नोंदीचा. सुरुवातीला त्याला ती फार कुशल वाटली होती. काही वर्षांनी पुन्हा वाचली तेव्हा ती सरकारी वकिलाने आरोपीला घेरावे तशी वाटली. तिसरा सर्वांत महत्त्वाचा. एका वांड मुलाची आई. आईने मुलाला लहानपणी झिडकारले होते, हे निदान पक्के होते. पण आठवडे गेले, कितीही हळुवारपणे समजावले तरी बाईंच्या गळी ते उतरेना. शेवटी रॉजर्सने हार मानली. आपण दोघांनीही प्रयत्न केला, यश आले नाही, आता थांबू या, असे सुचवले. बाई मान डोलावून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि मागे वळून त्यांनी विचारले की, इथे मोठ्या माणसांचेही ऐकून घेता का. मग त्या परत येऊन बसल्या आणि आपल्या संसाराची कहाणी सांगू लागल्या. पूर्वी दिलेल्या नीटनेटक्या माहितीशी तिचा काही संबंध नव्हता. नवऱ्याशी बिनसलेले नाते, अपयशाची भावना, गोंधळ, सगळे बाहेर आले. रॉजर्स फक्त ऐकत राहिला. बाई पुढे बरीच वर्षे संपर्कात होत्या. घर सावरले आणि मुलगाही सावरला. कुठे दुखते हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, कोणत्या दिशेने जायचे हेही त्यालाच ठाऊक असते, हा तिसरा धडा. पुढची सगळी मांडणी या एका दारातल्या प्रश्नातून निघाली.

१९४० साली तो ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याच वर्षी ११ डिसेंबरला मिनेसोटा विद्यापीठात त्याने एक व्याख्यान दिले. सल्ला देणे, समजूत घालणे, अर्थ लावून दाखवणे या रूढ रीती किती अपुऱ्या आहेत, असा त्याचा रोख होता. श्रोत्यांत काहीजण खूश झाले, पुष्कळजण संतापले. तो संताप पाहूनच त्याला कळले की आपण काही नवीन बोललो आहोत. ही तारीख तो आपल्या पद्धतीचा जन्मदिवस मानत असे. १९४२ साली ‘कौन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ हे त्याचे पुस्तक आले. त्यात दोन गोष्टी अपूर्व होत्या. उपचाराला येणाऱ्या माणसाला त्याने ‘रुग्ण’ म्हणायचे सोडून ‘क्लायंट’ म्हटले. हा नुसता शब्दबदल नव्हता. रुग्ण निजलेला असतो, डॉक्टर उभा असतो. वकिलाकडे गेलेला अशील मात्र खुर्चीत बसतो. खटला त्याचा असतो, निर्णयही त्याचा असतो.

दुसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. एका व्यक्तीवरच्या उपचाराच्या सगळ्या बैठका ध्वनिमुद्रित करून त्याने त्या जशाच्या तशा छापल्या. तेव्हा टेपरेकॉर्डर नव्हते. तबकड्यांवर ध्वनिमुद्रण व्हायचे आणि दर काही मिनिटांनी तबकडी बदलावी लागायची. तोवर उपचाराच्या खोलीत काय घडते हे उपचारक सांगेल तेच खरे मानले जाई. या तबकड्या ऐकल्यावर शिकाऊ समुपदेशकांना धक्का बसला. आपण फारच थोडे बोलतो अशी ज्यांची समजूत होती, तेच समोरच्याचे वाक्य अर्ध्यात तोडत होते, त्याला आपल्याला हव्या त्या दिशेला वळवीत होते. आपापल्या घरातले तासाभराचे बोलणे मुद्रित करून ऐकले तर आपणा सर्वांनाच हा अनुभव येईल.

रॉजर्सच्या म्हणण्याप्रमाणे ऐकणाऱ्याच्या ठायी तीन गोष्टी असाव्या लागतात. एक, खरेपणा. आत एक, बाहेर एक असा मुखवटा नको. दोन, विनाअट स्वीकार. समोरचा दारुडा असो, कर्जबाजारी असो, बायकोला टाकलेला असो, माणूस म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. त्याच्या वागण्याला संमती देणे आणि त्याला स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन, समानुभूती. सहानुभूती म्हणजे काठावर उभे राहून हळहळणे. समानुभूती म्हणजे त्याच्या जागी उभे राहून त्याच्या डोळ्यांनी पाहणे, पण आपण तो नाही हे भान न सोडणे. १९५७ सालच्या एका निबंधात रॉजर्सने असे धाडसी विधान केले की, समोरच्याला हे जाणवले तर बदलासाठी एवढे आवश्यक आहे आणि एवढे पुरेसेही आहे. ‘आवश्यक’ हे पुष्कळांनी मान्य केले. ‘पुरेसे’ या शब्दावरचा वाद अजून संपलेला नाही.

१९४५ ते १९५७ हा शिकागो विद्यापीठातला काळ त्याच्या वैभवाचा. तिथे त्याने समुपदेशन केंद्र उभे केले. १९४६-४७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेचे अध्यक्षपद मिळाले. उपचार घेणारा गट आणि काही काळ वाट पाहणारा गट यांची तुलना करून त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी उपचाराचे परिणाम मोजले. लहानपणचे दोन वाफेच ते. या संशोधनासाठी १९५६ साली त्याच संघटनेने पहिल्यांदाच दिलेल्या वैज्ञानिक कार्याच्या पुरस्काराचा तो एक मानकरी ठरला.

याच काळात त्याच्यावर एक बिकट प्रसंग आला. चाळिशीच्या अखेरीस त्याच्याकडे एक अत्यंत विस्कटलेली स्त्री उपचारासाठी येत होती. तिला टाकायचे नाही या हट्टापायी तो स्वतःच्या मनाचे ऐकेनासा झाला. आपण आणि ती यांच्यातली सीमारेषा पुसट होते आहे, आपलेच मन मोडते आहे, असे त्याला वाटू लागले. अखेर एके दिवशी तिला सहकाऱ्याच्या हवाली करून तो हेलनला घेऊन गाडीने शहराबाहेर पडला आणि दोन-तीन महिने परतलाच नाही. परतल्यावर त्याने आपल्याच हाताखाली तयार झालेल्या एका तरुण सहकाऱ्याकडे स्वतः उपचार घेतले. संघटनेचा माजी अध्यक्ष शिष्यासमोर खुर्चीत बसला आणि बोलू लागला. आपल्याकडे एखाद्या गुरूने असे केले असते तर त्याची गादी राहिली असती का, हा विचार मनात येतोच. रॉजर्सने ही गोष्ट लपवली नाही. दुसऱ्याला स्वीकारायला शिकवणारा आपण स्वतःला मात्र प्रेमाला अपात्र समजत होतो, हे तेव्हा त्याला दिसले.

त्याच्या भोवतालचे मानसशास्त्र तेव्हा दोन गढ्यांत वाटलेले होते. एकीकडे फ्रॉइडचा संप्रदाय. माणूस बालपणीच्या दडपलेल्या वासनांच्या हातातले बाहुले. दुसरीकडे वर्तनवादी; उंदीर, कबुतर आणि माणूस यांना एकच नियम, बक्षीस दिले की हवे तसे वळवता येते. या दोहोंना बाजूला सारून माणूस निवड करतो, अर्थ शोधतो, वाढतो असे मानणारा जो तिसरा प्रवाह पन्नास-साठच्या दशकांत उभा राहिला, तो मानवतावादी मानसशास्त्राचा. अब्राहम मास्लो, रोलो मे आणि रॉजर्स हे त्याचे अध्वर्यू. मास्लो १९७० सालीच गेला. गरजांचा त्याचा त्रिकोण आम्हा बँकवाल्यांना बढतीच्या परीक्षेसाठी पाठ करावा लागे. १९४३ च्या त्याच्या मूळ निबंधात त्रिकोण कुठेच नाही, ही गोष्ट मात्र कुठल्याही गाइडात नसे. वर्तनवादाचा महामेरू बी. एफ. स्किनर याच्याशी रॉजर्सचे जाहीर वाद झाले आणि १९५६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ते छापून आले. माणसांना सुखी करण्यासाठी त्यांना नियंत्रित करायचे, तर नियंत्रण करणाऱ्याला कोण आवरणार, हा रॉजर्सचा प्रश्न होता. आज तो अधिकच टोकदार झाला आहे.

मराठी वाचकाला रॉजर्सपेक्षा अल्बर्ट एलिस अधिक परिचित आहे. त्याचे श्रेय कि. मो. फडके यांच्या लेखनाला आणि अध्यापनाला जाते. या दोघांतला फरक समजून घ्यायला १९६५ साली पुढे आलेला एक बोधपट उपयोगी पडतो. ग्लोरिया नावाच्या घटस्फोटित तरुण स्त्रीशी त्यात रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस असे तिघे पाळीपाळीने अर्धा-अर्धा तास किंवा त्याहून कमी वेळ बोलतात. आपल्या आयुष्यातल्या पुरुषांविषयी लहान मुलीशी खरे बोलावे की नाही, हा तिचा पेच. एलिस तिच्या विचारांतली गफलत उलगडून दाखवतो. रॉजर्सकडे ती पुन्हा पुन्हा उत्तर मागते आणि तो पुन्हा पुन्हा ते देत नाही. पण तो टाळतही नाही. तुमच्या वतीने हे उत्तर मी देऊ शकत नाही, पण ते शोधताना मी सोबत आहे, असा त्याचा एकंदर भाव. अर्धा तास संपता संपता तिच्या डोळ्यांत पाणी येते आणि असा बाप मिळायला हवा होता असे ती बोलून जाते. उत्तर तिला मिळालेले नसते. पण ती स्वतःशी खोटे बोलायची थांबलेली असते.

तथापि रॉजर्सला अपयशही भरपूर आले. १९५७ साली तो विस्कॉन्सिनला गेला. स्किझोफ्रेनियाच्या, वर्षानुवर्षे इस्पितळात असलेल्या रुग्णांनाही ही पद्धत लागू पडेल का, हे त्याला पाहायचे होते. हा प्रकल्प सहकाऱ्यांच्या भांडणांनी पोखरला. संशोधनाची माहितीच एकदा गहाळ झाली. निष्कर्ष अपेक्षेइतके ठळक निघाले नाहीत. त्याच सुमारास, एप्रिल १९५७ मध्ये तत्त्वज्ञ मार्टिन बूबर याच्याशी त्याचा जाहीर संवाद झाला. बूबरने बिनतोड मुद्दा काढला. मदत मागायला आलेला आणि मदत करणारा हे समान पातळीवर कसे असतील? एक अडलेला, दुसरा न अडलेला. रॉजर्सने समानतेचा आग्रह सोडला नाही, पण प्रश्न राहिलाच.

१९६३ साली विद्यापीठ सोडून तो कॅलिफोर्नियात गेला. १९६१ च्या ‘ऑन बिकमिंग अ पर्सन’ या पुस्तकाने तो सामान्य वाचकांपर्यंत पोचला होता. आता त्याचे लक्ष माणसांच्या गटांकडे वळले. अनोळखी माणसे एकत्र बसून मनातले बोलतात, अशा एका गटावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. पुढे त्याने बेलफास्टचे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, दक्षिण आफ्रिकेतले काळे आणि गोरे अशांना एकत्र बसवले. १९८६ साली, ८४ व्या वर्षी, तो सोव्हिएत रशियात जाऊन आला. घरात मात्र सारे सुरळीत नव्हते. हेलन दीर्घकाळ आजारी होती, नात्यात ताण होता, उतारवयात त्याचे पिणे वाढले होते, असे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. जगाचे ऐकणाऱ्याला घरातले ऐकणे जड गेले. १९७९ साली हेलन गेली. १९८७ साली तो पडला, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया नीट झाली, पण हृदयाने साथ सोडली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी तो गेला.

आता आपल्याकडे वळू. ऐकून घेण्याचे मोल आपल्या भाषेला ठाऊक नव्हते असे नाही. मन मोकळे करणे हा शब्दप्रयोगच पुरेसा बोलका आहे. आपल्या बायकांनी सासर-माहेरचे दुःख पिढ्यान्‌पिढ्या जात्याला सांगितले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने लाखभर जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. एवढे सांगण्यासारखे होते आणि ऐकायला माणूस नव्हता. जात्याने कधी सल्ला दिला नाही, म्हणून तर बाई त्याच्याशी बोलली. पण जाते स्वीकार करू शकत नाही, समजून घेऊ शकत नाही. तिथे माणूसच लागतो.

असा प्रयोग महाराष्ट्रात झालाही. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभारले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात दिला. दारुड्याला, गर्दुल्ल्याला गुन्हेगार न मानता माणूस मानायचे, हे तिथले पहिले सूत्र. आणि व्यसनातून बाहेर पडलेलीच कितीतरी माणसे तिथे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाली. या केंद्राला रॉजर्सची शाखा म्हणणे चुकीचे ठरेल. पण विनाअट स्वीकार म्हणजे काय, हे मराठी माणसाला पुस्तकाऐवजी तिथे पाहता आले.

आणि आमचा हिंगोली जिल्हा? २०१५ साली राज्याच्या आरोग्य विभागाने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात हिंगोलीही आला. आशाताईंनी घरोघर जायचे, ठरावीक प्रश्न विचारून खचलेली माणसे ओळखायची, त्यांना पुढे समुपदेशकाकडे, डॉक्टरकडे पाठवायचे, अशी योजना. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही केंद्राची सेवाही १४४१६ या क्रमांकावर आहे. मन बुडत असेल तेव्हा तो फिरवावा. या सोयी हव्यातच. पण प्रश्नावलीचा रकाना भरणे आणि माणसाचे ऐकणे यांत रॉजर्सच्या त्या दोन मुलाखतींइतकेच अंतर आहे. आमच्याकडचा शेतकरी कर्जाचे बोलायला बँकेत आला तरी आधी पावसाचे बोलतो, मग बैलाचे, मग जावयाचे. खरी गोष्ट उठताना, दाराशी गेल्यावर निघते. प्रश्नावली तोवर मिटलेली असते. गावात शिरलेल्या आशाताईला दिवसाकाठी कितीतरी कामे, आणि मोबदला कामागणिक. तिने दाराशी थांबावे कसे?

दोन आक्षेपांचा विचार करायला हवा. पहिला, आपल्याकडचा माणूस सल्ला मागायलाच येतो; तो न दिला तर त्याला वाटते, आपल्याला झटकले. हे खरे आहे. पण ऐकणे म्हणजे मुकाट बसणे किंवा समोरच्याचे वाक्य पोपटासारखे परत म्हणणे नव्हे; आपल्या पद्धतीचे असे विडंबन झालेले पाहून रॉजर्स स्वतः अस्वस्थ होई. पीककर्जाचे पुनर्गठन कसे होते, विम्याचा अर्ज कुठे द्यायचा, ही माहिती मागणाऱ्याला ती द्यावीच. पण जगावे का, हा प्रश्न माहितीचा नाही. धीर सोडू नकोस, लेकराबाळांकडे बघ, असे सांगणे हे पुष्कळदा ऐकायचे टाळण्याचेच सभ्य रूप असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर. शेतकऱ्याचे दुःख त्याच्या मनात नाही, बाजारभावात आहे, आटलेल्या विहिरीत आहे. समुपदेशनाने सोयाबीनचा भाव वाढत नाही. हेही खरे, आणि रॉजर्सकडे त्याला उत्तर नाही. भावाच्या जागी समुपदेशन देणारे सरकार त्याचे नाव घेऊ लागले तर ती लबाडी होईल. तरीही सारख्याच कर्जाखालच्या दहा घरांपैकी एका घरात जे घडते, ते केवळ आकड्यांनी समजत नाही. त्या घरातल्या माणसाभोवती सल्ला देणारे पुष्कळ असतात, ऐकणारा एकही नसतो.

रॉजर्सनंतरच्या संशोधनाने त्याचे सगळेच म्हणणे उचलून धरलेले नाही. गंभीर मनोविकारात औषधे लागतात. काही दुखण्यांना शिस्तबद्ध तंत्रे लागतात. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली आहे : पद्धत कोणतीही असो, उपचारक आणि समोरची व्यक्ती यांच्यातले नाते कसे आहे याचा वाटा निदान त्या पद्धतीइतका तरी असतोच. म्हणजे आशाताई असो, शिक्षक असो, फाट्यावरचा हॉटेलवाला असो, या कामातला काही भाग कोणालाही करता येण्याजोगा आहे. त्याला पदवी लागत नाही, औषध लागत नाही. वेळ लागतो, आणि आपले शहाणपण थोडा वेळ खिशात ठेवावे लागते. समुपदेशकांच्या प्रशिक्षणात, आशाताईंच्या वेळापत्रकात आणि मोबदल्यात या वेळेचा हिशेब धरला गेला, तर दाराशी वळून प्रश्न विचारणाऱ्या माणसाला परत आत बोलवायला कोणीतरी तिथे असेल. एरवी समुपदेशनाची पाटी असेल, आणि तिच्याखाली उपदेशच चाललेला असेल.